मुक्काम पोस्ट बोरखडी

डाक वाटणारा मी, दारोदार जाणारा,
म्हणून ग्रामसभेनं हे काम माझ्या गळ्यात घातलं :
देवळाचे दगड गावात कुठं कुठं आहेत,
लिहून आण.

देऊळ म्हणजे आता अडाणच्या काठावरचा चौथरा,
साडेतीन खांब,
आणि एक निळी पाटी,
जिच्यावरचा दंडाचा आकडा गंजानं खाल्ला.
चुना नव्हता म्हणे त्यात. दगडानं दगड धरलेला.
एकानं हात सोडला
की बाकीचे किती दिवस धरणार?

चौकटीची वही घेतली. रकाने आखले :
क्रमांक, वर्णन, कोणाकडे, स्थिती.
डाकेच्या थैलीत गेरूचा डबा.

क्रमांक एक. छताचं कमळ, अर्धं.
अजाबराव ठोंबऱ्यांच्या गोठ्यात, उताणं.
पाकळ्यांच्या खोलगटात म्हैस सरकी खाते.
"पाह्य कसं चमकून रायलं," अजाबराव म्हणाले,
"चाटू चाटू आरसा केला तिनं."

क्रमांक चार. वेलबुट्टीचा पाट.
इस्माईलचाचांच्या पंक्चरच्या दुकानापुढं.
बसायला.

क्रमांक नऊ. हत्तींची ओळ, पाच.
हापशीजवळ, मनकर्णाबाई गेडामचा धुण्याचा दगड.
दोन हत्तींच्या सोंडा गेल्यात,
तीस वर्षांच्या गोधड्यांनी.
"नेता तं न्या," ती म्हणाली,
"मी काय नाही म्हन्तो का?
पन सोमवारी नेजा बाप्पा.
आज गोधड्या भिजू घातल्या हायेत."

क्रमांक सोळा शालिकच्या दारावर, आडवा,
मधोमध बोटभर गणपती.
काढला तर भिंत खाली येते.
शालिक, त्याची बायको आणि मी
त्याच्याखाली उभं राहून वर बघत राहिलो.
स्थितीच्या रकान्यात 'भग्न' लिहायचं की 'सुस्थितीत',
कळेना.
लिहिलं : वापरात.
मग तोच शब्द खालपर्यंत उतरत गेला.

काही दगड आले. ट्रॅक्टरनं, बंडीनं,
एक तर सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून.
कोणी देताना हळदकुंकू लावलं,
कोणी मजुरी मागितली.
चाचांनी आपला पाट स्वतः पहारीनं उचकटला,
दुसऱ्या दिवसापासून
ते जुन्या टायरवर बसतात.
टायर उन्हात तापतं. तक्रार नाही.

एक्कावन्न झाले.

बावन्नाव्याची ओळ तीन महिने कोरी आहे.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे ती कोणाची,
कोणी विचारत नाही, हेच जास्त लागतं.

आमच्या दारातली पायरी. अर्धचंद्र,
दोन्ही टोकांना शंख.
गाभाऱ्यापुढची.
बाप आणत होता तेव्हा मी कंदील धरला होता.
नऊ वर्षांचा होतो. कंदील हलत होता, तो रागावला.
त्या साली नाल्याचं पाणी घरात शिरायचं,
आणि बाप
त्याच देवळाचा राखणदार होता,
महिना पस्तीस रुपये.
त्यानं दुसरा एकही दगड गावाला हात लावू दिला नाही,
निदान दिवसा.

माणूस सापडला नाही तर पत्रावर शिक्का मारतो आम्ही :
पाठवणाऱ्यास परत.
इथं पाठवणारा कोण?
ज्यानं कोरलं तो, की ज्यानं आणलं तो?
की कंदील?

काल रात्री, बायको निजल्यावर,
गेरूनं आकडा घातला पायरीवर. बावन्न.
हात बापासारखाच चालला, घाईघाईत.

सकाळी पंचफुलानं सडा टाकला,
आणि रांगोळी काढली
आकड्याला वळसा घालून,
चारही बाजूंनी,
एक ठिपकासुद्धा त्याच्यावर न पडू देता.
म्हणाली काही नाही. चहा ठेवला.

सोमवारी ट्रॅक्टर येणार आहे.
तोवर मनकर्णाबाईच्या गोधड्या वाळतील.
मला मात्र
आताच घराबाहेर पडायचं आहे, डाक घेऊन,
आणि पाय कुठं ठेवावा
हे समजत नाही.